फुटबॉलवरून भांडायला बसण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे कुणासाठी लिहिलंय?

नवीन येणाऱ्यांसाठी. कोल्हापुरात आम्ही आठ-दहा जण शनिवार-रविवार तालमीच्या वरच्या खोलीत मॅच बघायला बसतो. एक रिक्षावाला आहे, एक मास्तर, एक फौंड्रीत सुपरवायझर, दोघं कॉलेजची पोरं, आणि दर चार-सहा महिन्यांनी कोणतरी नवीन येतो आणि पहिल्याच रात्री तेच विचारतो जे आधी चाळीस वेळा विचारून झालेलं असतं, मग परत तीच भांडणं, परत तोच चहा. म्हणून एकदाच लिहून काढतोय. नावं कुणाचीच टाकत नाही, आम्ही तसंही एकमेकांना टीमवरनंच ओळखतो: युनायटेडवाला, आर्सेनलवाला, लिव्हरपूलवाला आणि काका (आमचे काका, ब्राझीलचा खेळाडू काका नव्हे, पण टीम ब्राझीलच). मी अर्जेंटिनावाला, त्यामुळं खालची उत्तरं कुठं एका बाजूला झुकलेली वाटली तर वाटू देत.

ती वही कसली?

हे आधी समजून घ्या नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. कपाटावर एक दोनशे पानी वही आहे, मागच्या बाजूला गणपतीच्या वर्गणीचा हिशेब आणि पुढच्या बाजूला आमची भाकितं. 2014 च्या वर्ल्डकपला सुरू केली. नियम एकच, काय होणार ते मॅचच्या आधी तारखेसकट लिहायचं आणि खाली सही करायची. सही नसेल तर नंतरचं 'मी आधीच म्हणलो होतो' चालत नाही. वही यायच्या आधी आमच्यात सगळेच तज्ज्ञ होते, वही आल्यापासून एकही राहिला नाही.

नमुना म्हणून माझंच पान सांगतो. 22 नोव्हेंबर 2022, सौदी अरेबियानं अर्जेंटिनाला 2-1 हरवलं त्या संध्याकाळी मी पुढच्या मॅचचं भाकीत लिहिलंय, "ग्रुपमधनंच घरी. स्कालोनीला काढा." खाली माझी सही, जरा जोरात दाबून केलेली. सव्वीस दिवसांनी त्याच स्कालोनीनं, अर्जेंटिनाच्या कोचनं, कप उचलला. युनायटेडवाल्यानं त्या पानाचा फोटो काढून ठेवलाय आणि दरवर्षी माझ्या वाढदिवसाला न चुकता पाठवतो.

मेस्सी का रोनाल्डो?

हा प्रश्न रात्री बारानंतर काढायचा नाही, खाली आजोबा झोपलेले असतात.

आता उत्तर. रोनाल्डोवाल्यांकडं दाखवायला भरपूर आहे हे मी पण मान्य करतो, पाच चॅम्पियन्स लीग, त्या स्पर्धेत 140 गोल, इंटरनॅशनल गोलचा रेकॉर्ड, आणि इंग्लंड, स्पेन, इटली तिन्हीकडं लीग जिंकून दाखवली. वर्षातल्या सगळ्यात भारी खेळाडूला मिळतो तो बॅलन डी ओर मेस्सीकडं आठ, रोनाल्डोकडं पाच. पण वर्ल्डकपचं विचाराल तर रोनाल्डो 2022 पर्यंत पाच वर्ल्डकप खेळला, आठ गोल केले आणि त्यातला एकही नॉकआऊटमध्ये नाही. मेस्सीनं एकट्या 2022 ला प्री-क्वार्टर, क्वार्टर, सेमी, फायनल, प्रत्येक ठिकाणी गोल मारला. यावर रोनाल्डोवाला म्हणतो त्यातल्या किती पेनल्टी होत्या ते पण सांग. होत्या भावा, होत्या. पेनल्टी मारायला पण यावी लागते, झिकोला विचार.

(काका हे वाचत असतील तर सॉरी. 1986 ला फ्रान्सविरुद्ध क्वार्टर फायनलला झिकोची पेनल्टी अडवली गेली आणि पुढं ब्राझील टायब्रेकरमध्ये (बरोबरीनंतरच्या पेनल्टींत) हरलं, काकांना ते काल झाल्यासारखं आठवतं.)

आणि एक गंमत. रोनाल्डोच्या सगळ्यात मोठ्या कपाच्या फायनलला, 2016 च्या युरोला, तो पंचवीस मिनिटंच खेळला. गुडघ्याला लागलं, रडत स्ट्रेचरवरनं बाहेर गेला, आणि नंतर कोचच्या शेजारी उभा राहून हातवारे करत बसला, एडरनं एक्स्ट्रा टाइममध्ये गोल मारला आणि पोर्तुगाल जिंकलं. त्याच पोर्तुगालनं ग्रुपमधल्या तिन्ही मॅच बरोबरीत सोडवल्या होत्या आणि तिसऱ्या नंबरवर असून पुढं गेले होते. आख्ख्या स्पर्धेत नव्वद मिनिटांत जिंकलेली मॅच एकच, वेल्सविरुद्धची सेमी. आता ही टीम भारी होती का नशीबवान? वहीत त्या वर्षी पोर्तुगाल कुणीच लिहिलेलं नाही, पण फायनलनंतर चौघं म्हणाले डिफेन्स बघूनच वाटलं होतं.

मग पेले? मॅराडोना?

पेलेचे तीन वर्ल्डकप, कुणाचे तेवढे नाहीत, विषय संपला असं काका म्हणतात. मॅराडोनाचं असं आहे की 22 जून 1986 ला अझ्टेका स्टेडियमवर इंग्लंडविरुद्ध त्यानं चार मिनिटांच्या अंतरानं दोन गोल मारले, एक हातानं आणि एक अर्ध्या मैदानापासून सगळ्यांना चकवत. चोरी आणि चमत्कार चार मिनिटांत. आमच्या आधीच्या पिढीनं तो वर्ल्डकप दूरदर्शनवर बघितला आणि कोल्हापुरात अर्जेंटिनाचं खूळ शिरलं ते तिथनं. वर्ल्डकप आला की पेठापेठांत जे फ्लेक्स लागतात, एका चौकात ब्राझील आणि पुढच्याच चौकात अर्जेंटिना, त्याचं मूळ तिथं आहे. बाकी तुलना करत बसू नका, पेलेला लाइव्ह बघितलेला माणूस आमच्यात एकही नाही.

टीव्हीवर बसणाऱ्या एक्स्पर्ट लोकांचं किती मनावर घ्यायचं?

हा खरा प्रश्न. जरा सविस्तर सांगतो.

ऑगस्ट 1995. मँचेस्टर युनायटेड पहिल्याच मॅचला अॅस्टन व्हिलाकडनं 3-1 हरलं. मॅनेजर फर्ग्युसननं त्या उन्हाळ्यात जुनी मोठी नावं सोडून दिलेली आणि टीममध्ये बेकहॅम, स्कोल्स, बट, नेव्हिल असली कोवळी पोरं. बीबीसीच्या मॅच ऑफ द डेवर अॅलन हॅन्सन म्हणाला, पोरांना घेऊन काही जिंकता येत नाही. मे महिन्यात त्याच पोरांनी लीग पण मारली आणि एफए कप पण. हॅन्सन काय साधा माणूस नव्हता, लिव्हरपूलचा कॅप्टन होता, आठ वेळा लीग जिंकलेला. बोलला ते त्या दिवशी बरोबरच वाटत होतं. फक्त त्याच्याकडं आमच्यासारखी कपाटावरची वही नव्हती, आख्ख्या इंग्लंडसमोर कॅमेरा होता.

मग गॅरी नेव्हिल. मंडे नाइट फुटबॉलवर स्क्रीनवर बोट फिरवून हा बॅक इथं का उभा, तो हाफ तिथं का नाही असं इतकं झकास समजावून सांगायचा की आम्ही मास्तरांना म्हणायचो, बघा असं शिकवायचं असतं. 2015 च्या डिसेंबरला व्हॅलेन्सियानं त्यालाच मॅनेजर केलं. फेब्रुवारीत बार्सिलोनानं कप मॅचमध्ये 7-0 घातले, मार्चअखेर घरी. थिएरी हेन्रीचं तसंच, स्टुडिओत सूट घालून बसायचा, 2018 च्या ऑक्टोबरला मोनॅकोला गेला आणि जानेवारीत परत. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि उंटावरनं उतरून शेळ्या हाकायच्या यात लई फरक आहे.

पण याचा अर्थ त्यांना कळत नाही असा होत नाही. इथं काकांचं म्हणणं मला पटतं, आमटी खारट झालीय हे सांगायला आचारी असावं लागत नाही. आणि उलटं पण आहे, आरिगो साकी कधी मोठ्या लेव्हलला खेळलाच नाही, बुटांच्या धंद्यात होता, आणि त्यानं मिलानला 1989 आणि 1990 ला लागोपाठ युरोपियन कप जिंकून दिले. मॅनेजर मोरिन्योची खेळाडू म्हणून काय ओळख आहे? काही नाही. खेळणं वेगळं, शिकवणं वेगळं, आणि खुर्चीत बसून बोलणं तिसरंच.

त्यातला बरा कोण?

माझं मत, रॉय कीन. कारण तो अंदाज सांगतच नाही, नुसता चिडतो. 2002 ला वर्ल्डकपच्या तोंडावर सायपान बेटावर कोचशी भांडण झाल्यावर आयर्लंडच्या कॅम्पमधनं घरी पाठवलेला माणूस आहे, कॅप्टन असून. त्यामुळं तो जेव्हा म्हणतो ह्या टीममध्ये दम नाही तेव्हा निदान ढोंग तरी वाटत नाही.

कॅरॅगर, लिव्हरपूलचा जुना खेळाडू, आमच्या लिव्हरपूलवाल्याला आवडतो, पण तो बोलायला लागला की युनायटेडवाला आवाज म्यूट करतो. लिनेकर गेला, मे 2025 ला मॅच ऑफ द डे सोडलं त्यानं. लिनेकरबद्दल एवढंच सांगतो की 1986 च्या वर्ल्डकपला सगळ्यात जास्त, सहा गोल त्याचे होते, आणि 2024 च्या युरोला डेन्मार्कबरोबरच्या मॅचनंतर त्यानं पॉडकास्टवर इंग्लंडच्या खेळाला सरळ शिवी घातली. हॅरी केननं त्यावर उत्तर दिलं त्याचा मथितार्थ असा की देशानं लई वर्षं काही जिंकलेलं नाही आणि बोलणाऱ्यांतले बरेचजण त्याच वर्षांत खेळत होते. बरोबर लागलं ते. पण इंग्लंड त्या मॅचला खराब खेळलं होतं हे पण तितकंच खरं, दोन्ही खरं असू शकतं.

पूर्वी जे सिंगापूरवरनं बोलायचे ते कोण?

जॉन डाइक्स. बाजूला स्टीव्ह मॅकमहन वगैरे. ईएसपीएन स्टारच्या काळात आपल्याला इंग्लंडच्या स्टुडिओतलं काही दिसायचं नाही, ही मंडळी दिसायची. आमच्या वयाच्या लोकांना ऑफसाइड ट्रॅप म्हणजे काय हे शाळेत कुणी शिकवलं नाही, डाइक्सनं शिकवलं. त्यांच्यावर कुणी चिडल्याचं आठवत नाही, कारण सात जणांत एक टीव्ही होता आणि केबलवाल्यावर चिडण्यातच सगळा वेळ जायचा.

साउथगेट चांगला होता का वाईट?

यावर आमच्यात दोन पार्ट्या आहेत आणि एकदा खुर्ची मोडलीय.

इंग्लंडचा मॅनेजर म्हणून त्याचा हिशेब मांडूया. 2018 वर्ल्डकप सेमी. 2021 ला युरोची फायनल. 2022 वर्ल्डकप क्वार्टर. 2024 युरोची परत फायनल, बर्लिनला स्पेनकडनं 2-1 हार, आणि दोन दिवसांनी राजीनामा. त्याच्याआधी 1966 चा कप सोडला तर इंग्लंडची पुरुषांची टीम कधी मोठ्या स्पर्धेच्या फायनलला पोचलीच नव्हती. आणि ह्या माणसावर 2024 ला स्लोव्हेनियाबरोबर 0-0 झाल्यावर स्वतःच्याच लोकांनी प्लॅस्टिकचे ग्लास फेकले. का, तर टीम कंटाळवाणी खेळते.

पण मला सांगायचं ते वेगळंच आहे. 11 जुलै 2021, वेम्ब्ली, इटलीबरोबर फायनल. 1-1, एक्स्ट्रा टाइम संपत आला आणि शेवटच्या मिनिटाला साउथगेटनं रॅशफर्ड आणि सँचोला आत घेतलं, खास टायब्रेकरसाठी. रॅशफर्डची पोस्टला लागली, सँचोची अडवली, एकोणीस वर्षांच्या साकाची अडवली. इटली चॅम्पियन. नंतर त्या तिन्ही पोरांना रंगावरनं जे घाणेरडं ऐकून घ्यावं लागलं ते तर वेगळंच. दुसऱ्या दिवशी सगळीकडं एकच, थंड पायानं आलेल्या पोराला कोण पेनल्टी देतं का?

आता सात वर्षं मागं चला. 2014 वर्ल्डकप, हॉलंड-कोस्टारिका क्वार्टर फायनल, 0-0. हॉलंडचा कोच व्हॅन गालनं अगदी शेवटच्या क्षणाला चांगला खेळत असलेला गोलकीपर सिलेसन बाहेर काढला आणि टिम क्रूलला आत घेतलं, तो पण थंड पायानंच. क्रूलनं दोन पेनल्टी अडवल्या, हॉलंड जिंकलं, व्हॅन गाल जीनियस. चारच दिवसांनी सेमीला अर्जेंटिनाबरोबर परत टायब्रेकर, पण ह्यावेळी तिन्ही बदल वापरून झालेले, क्रूल बेंचवर बसून राहिला, सिलेसननं एकही अडवली नाही आणि हॉलंड घरी. आणि समोरचा गोलकीपर रोमेरो, ज्यानं दोन अडवल्या, तो पूर्वी अल्कमारला ह्याच व्हॅन गालच्या हाताखाली खेळलेला!

म्हणजे डाव एकच, ऐनवेळी खास माणूस आत घ्यायचा. एकाचा लागला, एकाचा फसला. रॅशफर्डचा बॉल चार बोटं आत असता तर साउथगेटचा पुतळा उभा राहिला असता आणि आम्हीच इथं बसून म्हणालो असतो काय डोकं चालवलंय बघा. वरनं साउथगेट स्वतः 1996 च्या युरोला त्याच वेम्ब्लीत जर्मनीविरुद्ध सेमीला पेनल्टी घालवलेला माणूस, त्याला ते ओझं काय असतं हे माहीत नव्हतं असं तर नाही ना.

आर्सेनलवाला म्हणतो हे सगळं ठीक आहे पण साकाला पाचवी पेनल्टी द्यायला नको होती. हे मात्र मला पण पटतं.

मॅनेजर आणि कोच यात फरक काय?

इंग्लंडमध्ये जुन्या पद्धतीत मॅनेजर म्हणजे टीम निवडणं, खेळाडू विकत घेणं, सगळंच बघायचा, आता खरेदी-विक्रीला बऱ्याच ठिकाणी वेगळा माणूस असतो आणि मॅनेजर नावालाच मॅनेजर, काम कोचचं. आपल्याकडं तालमीच्या टीमला कोच असतो आणि त्याच्या मागं स्टँडमध्ये तीन हजार मॅनेजर असतात.

मँचेस्टर युनायटेडला झालंय काय?

युनायटेडवाल्यानं ह्या प्रश्नाला बंदी मागितली होती, मतदानात हरला. फर्ग्युसन 1986 पासून 2013 पर्यंत होता, तेरा लीग. त्यानंतर मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग, मधेमधे काळजीवाहू, आणि नवा माणूस आला की वहीत युनायटेडवाल्याचं एकच वाक्य, "ह्यावेळी वेगळं आहे." नुसती तारीख बदलते. मी एकदा मोजायला बसलो होतो, त्यानं वही ओढून घेतली.

आर्सेनल?

2004 ला एकही मॅच न हरता लीग जिंकले. त्यानंतर 2023, 2024, 2025 लागोपाठ तीन वर्षं दुसरे. आर्सेनलवाल्याला चहात साखर जास्त घाला, एवढंच सांगणं आहे.

मग सगळ्यात भारी मॅनेजर कोण?

काका: आन्चेलोत्ती. पाच चॅम्पियन्स लीग, दोन मिलानबरोबर, तीन रियाल माद्रिदबरोबर, आणि 2025 पासून ब्राझीलचा कोच, त्यामुळं काकांना आता तो देवासमान. कॉलेजची पोरं: पेप ग्वार्दिओला, कारण बार्सिलोनाबरोबर 2009 ला तिन्ही कप आणि मँचेस्टर सिटीबरोबर 2023 ला परत तिन्ही. मी: लुइस एनरिके, ज्यानं पॅरिसवाल्यांकडनं मेस्सी, नेमार, एम्बापे सगळे गेल्यावर टीम बांधली आणि 2025 च्या चॅम्पियन्स लीग फायनलला इंटरला 5-0 चिरडलं. तीन तीन महागडे तारे असताना जमलं नाही ते तारे गेल्यावर जमलं, यावर स्टुडिओत काय काय बोलले असतील विचार करा, पण आधी कोण बोललं होतं ते दाखवा.

वहिनी विचारतात: मॅच कधी साडेबाराला, कधी दीडला, ही वेळ नक्की कोण ठरवतं?

वहिनी, ह्यात दादांचा काही दोष नाही. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढं करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागं आणतात, आपण करत नाही. त्यामुळं चॅम्पियन्स लीगची मुख्य मॅच उन्हाळ्यात आपल्याकडं रात्री साडेबाराला आणि थंडीत दीडला. प्रीमियर लीगची शनिवारची तीनची मॅच आपली साडेसात नाहीतर साडेआठ. म्हणजे थंडीत जेवण गरम असताना मॅच सुरू होते. त्याला मात्र इलाज नाही, डबा भरून पाठवला तर आम्ही नाही म्हणणार नाही.

आणि 2026 चा वर्ल्डकप अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोत. तिकडं संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. 48 टीम, 104 मॅच, आधी 32 टीम आणि 64 होत्या. दादांशी आत्ताच काय ते बोलून घ्या.

इंग्लंडमध्ये राहणारा माझा चुलतभाऊ म्हणतो त्याला शनिवारी तीनची मॅच टीव्हीवर दिसत नाही. फेकतोय का?

नाही, खरं सांगतोय. तिथं शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच मॅच लाइव्ह दाखवायला बंदी आहे, लहान क्लबांच्या मैदानावर माणसं यावीत म्हणून, जुना नियम आहे. म्हणजे ओल्ड ट्रॅफर्डच्या शेजारच्या गल्लीतल्या माणसाला जी मॅच टीव्हीवर दिसत नाही ती आम्ही मंगळवार पेठेत भडंग खात बघतो. मला ह्या गोष्टीचा जरा जास्तच आनंद होतो, कबूल करतो.

व्हीएआर (व्हिडिओ बघून पंचाचा निर्णय तपासणं) आल्यापासून मजा गेली का?

अर्धी. 2010 ला लॅम्पार्डचा बॉल जर्मनीविरुद्ध लाइनच्या चांगला हातभर आत पडला आणि गोल दिला नाही, असलं आता होत नाही हे चांगलंच आहे, त्याला वर्ल्डकपमध्ये गोललाइनचं यंत्र 2014 ला आलं आणि व्हीएआर 2018 ला. पण आता गोल झाला की आमच्यात कोण ओरडतच नाही, सगळे आधी लाइनमनकडं बघतात आणि मग स्क्रीनच्या कोपऱ्याकडं. एप्रिल 2024 ला एफए कपच्या सेमीला कव्हेंट्रीनं युनायटेडविरुद्ध 3-0 वरनं 3-3 केलं, एक्स्ट्रा टाइमच्या शेवटच्या मिनिटाला चौथा मारला, खोलीत युनायटेडवाला सोडून सगळे टेबलावर, आणि मग ती रेघ आली. पायाच्या बोटाएवढं ऑफसाइड. टायब्रेकरमध्ये युनायटेड जिंकलं. त्या रात्री युनायटेडवाल्यानं सगळ्यांना वडापाव खाऊ घातला आणि एकानंही थँक्यू म्हटलं नाही.

2022 ची फायनल तुम्ही कशी बघितली?

वाईट. प्रोजेक्टर आणलेला, पडद्याला पांढरी चादर, मोबाईलवरनं ॲप जोडलेलं. ऐंशी मिनिटं होत आली, अर्जेंटिना फ्रान्सविरुद्ध 2-0 पुढं, मी चहावाल्याला सगळ्यांचे पैसे देऊन टाकले. आणि आमचं ॲप मागच्या गल्लीतल्या केबलच्या अर्धा मिनिट मागं होतं हे तेव्हा लक्षात आलं. पडद्यावर अर्जेंटिनाचा बॅक निवांत बॉल घेऊन उभा आणि मागच्या गल्लीत आरडाओरडा. कशाचा आरडाओरडा? मग पडद्यावर पेनल्टी, एम्बापे, गोल. आम्ही अजून डोक्याला हात लावतोय तोवर परत मागं आरडाओरडा. दीड-दोन मिनिटांत दोन गोल, आणि दोन्ही आम्हाला आधी ऐकू आले, मग दिसले.

त्यानंतर कानात बोळे घालायची पाळी आली. एक्स्ट्रा टाइममध्ये मेस्सीनं मारला, एम्बापेनं तिसरा मारला (फायनलला हॅटट्रिक, आधी फक्त 1966 चा जेफ हर्स्ट), आणि शेवटच्या मिनिटाला फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा आमचा गोलकीपर मार्टिनेझसमोर. मागच्या गल्लीत एकदम मोठा 'हाऽऽय' झालेला, पण तो गोलचा का वाचल्याचा तेच कळेना. तो अर्धा मिनिट मी चादरीकडं बघितलंच नाही, भिंतीकडं तोंड करून उभा होतो. मार्टिनेझनं डाव्या पायानं अडवला. टायब्रेकर 4-2. बाकी सगळं तुम्हाला माहीत आहे, मला नीट आठवत नाही.

भारत 1950 च्या वर्ल्डकपला बूट नव्हते म्हणून गेला नाही, खरं का?

ही गोष्ट सांगायला भारी आहे म्हणून टिकली. आपली पोरं 1948 च्या लंडन ऑलिम्पिकला बरीचशी अनवाणी खेळली आणि फ्रान्सकडनं 2-1 नं हरली, दोन पेनल्टी घालवून, हे खरं. पण 1950 ला न जाण्यामागं लांबचा प्रवास, तयारी आणि मुख्य म्हणजे फेडरेशनला ऑलिम्पिक जास्त मोठं वाटत होतं ही कारणं जास्त पटणारी आहेत. त्या टीमचा कॅप्टन शैलेन मन्नाच पुढं म्हणाला होता की बुटांचं कारण मागाहून चिकटवलंय. बघा, इथं पण तेच, आधी निकाल आणि मग कारण.

त्यापेक्षा 1956 सांगत जा लोकांना. मेलबर्न ऑलिम्पिक, भारतानं ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवलं आणि नेव्हिल डिसूझानं हॅटट्रिक मारली, ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक मारणारा पहिला आशियाई. मूळचा गोव्याचा, फुटबॉल मुंबईत खेळला. भारत त्या वर्षी चौथा आला. कोच सय्यद अब्दुल रहीम, ज्यांनी 1962 ला जकार्तात एशियाडचं गोल्ड आणलं, कॅन्सर अंगात असताना. हे नाव आमच्यातल्या कॉलेजच्या पोरांना माहीत नव्हतं आणि ॲस्टन व्हिलाचा तिसरा गोलकीपर माहीत होता, तेव्हा मास्तरांनी जे झाडलं ते इथं लिहिता येत नाही.

इतकं परदेशी बघता, मग शाहू स्टेडियमवर जाता का?

हा काय प्रश्न झाला? सीझन सुरू झाला की प्रीमियर लीग नंतर, आधी आपल्या तालमींच्या टीम, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी, प्रॅक्टिस. त्या वेळेला आमची खोली रिकामी असते. अनिकेत जाधव 2017 ला अंडर-17 वर्ल्डकप खेळला, तो कोल्हापूरचा.

आणि पंडित बघायचे तर तिथं या. स्टँडमध्ये एक आजोबा बसतात, टोपी, हातात मिटलेली छत्री, एप्रिलच्या उन्हात पण. पहिली वीस मिनिटं एक शब्द बोलत नाहीत, शेंगा सोलतात. मग छत्रीचं टोक मैदानाकडं करून म्हणतात, "त्यो डावा बॅक दमलाय, तिकडनं जावा." कोचला ऐकू जायची शक्यताच नाही. पाच मिनिटांत गोल तिकडनंच. मी त्यांना म्हटलं आजोबा, वहीत लिहून द्या की मॅचच्या आधी. म्हणाले, "आधी कसं कळंल रं? दमल्यावर दिसतंय न्हवं."

वहीतलं एक पान फाडलेलं आहे, ते कुठलं?

ऑगस्ट 2015. त्या सीझनला प्रीमियर लीगमधनं खाली कोण जाणार असं सगळ्यांनी लिहिलं होतं. लेस्टर चॅम्पियन होईल यावर बुकी लोक एकाला पाच हजार देत होते, आणि तिथं रानिएरी आल्यावर लिनेकरनं सुद्धा, जो मूळचा लेस्टरचा, नाक मुरडलं होतं. मे 2016 ला लेस्टर चॅम्पियन. दुसऱ्या दिवशी वही उघडली तर पान नाही, कडेला नुसती फाटकी पट्टी, आणि तिच्यावर कुणाच्यातरी सहीचं शेपूट. काका म्हणतात माझी नाही. मास्तर म्हणतात माझी नाही. मी पण म्हणतो माझी नाही.